बांबूच्या जुन्या रॉडचा जोड दर पावसाळ्यानंतर ढिला पडतो किंवा अडकतो: आधी काय तपासाल?

दिवाळी आटोपली की मला ठरावीक फोन यायला लागतात. आजोबांचा गळाचा रॉड माळ्यावर होता, गेल्या हिवाळ्यात हौसेने वॉर्निश मारून घेतलं, जोड चिकटवून घेतला, आणि यंदा नळी उघडली तर पुन्हा तेच. जोडात टिकटिक, नाहीतर दोन तुकडे सुटता सुटत नाहीत. शेंडा एका अंगाला झुकलेला, वॉर्निश बोटाला चिकटतंय. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठलं वॉर्निश चांगलं?’

वॉर्निशचा प्रश्न सगळ्यात शेवटी. दरवर्षी उलटणाऱ्या या दुखण्याचं मूळ मला बहुतेक वेळा त्या नळीतच सापडलं आहे. ॲल्युमिनियमची नळी, आत कापडी पिशवी, वर घट्ट फिरकीचं झाकण. वस्तू जपायची म्हणून आपण जूनमध्ये रॉड आत घालतो तेव्हा हवेतला दमट ओलावाही सोबत बंद करतो. कापड तो धरून ठेवतं आणि बांबू चार महिने पीत बसतो.

गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की पाण्यात बुडवून ठेवतात, हे पाहिलं असेल. लाकूड फुगतं, पातं घट्ट बसतं, त्या दिवशीचं काम निभावतं. पण वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा जास्त सैल होतो. लोखंड काही पसरत नाही, त्यामुळे फुगणाऱ्या लाकडाला बाहेर जागा मिळत नाही, त्याचे तंतू आतल्या आत दबतात, आणि वाळताना ते मूळ मापापेक्षा लहान होऊन बसतात. रॉडच्या जोडात धातूच्या टोपीत बसवलेल्या बांबूचं अगदी हेच होतं. पावसाळ्यात टोपीत दाबला जातो, हिवाळ्यात आक्रसतो, आणि नोव्हेंबरात टिकटिक सुरू. तुम्ही गोंद भरता, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच चक्र. गोंद बदलून ते थांबत नाही.

टिकटिक नेमकी कुठली?

इथे दोन वेगळी दुखणी लोक एक समजतात. जोड अडकतो तो धातूवर धातू; जोड सैल होतो तो बहुतेक वेळा धातू बांबूवरून. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट, म्हणून आधी निदान.

रॉड जोडा. तर्जनी अशी ठेवा की अर्धं बोट टोपीच्या कडेवर आणि अर्धं बांबूवर येईल. दुसऱ्याला शेंडा हळू हलवायला सांगा. धातू आणि बांबू यांच्यामध्ये बोटाला ठेच लागली तर टोपी बांबूवरून सुटली आहे. मग बोट नर (आत शिरणारी धातूची टोपी) आणि मादी (ज्या टोपीत तो बसतो ती) जिथे भेटतात तिथे न्या. तिथे हालचाल असेल तर धातू झिजला आहे. ते दुखणं क्वचित आणि खर्चिक. दोन्हीकडे काहीच लागत नसेल आणि आवाज मात्र येत असेल, तर काठी कानाजवळ धरून हलकेच वाकवा, नखाने टिचक्या मारत पुढे जा. भरीव जागी ‘टक्’ येतं. जिथे बांबूच्या पट्ट्यांचा सांधा उकललाय तिथे आवाज बसका, फुटक्या मडक्यासारखा. मग दुखणं जोडाचं नसून काठीचंच आहे.

कारण ही काठी एकसंध नसते. बांबूच्या सहा कामट्या त्रिकोणी तासून एकमेकींना चिकटवलेल्या, छेद घेतला तर षटकोन. आपल्याकडे बुरूड कामट्या विणतो, इथे त्या चिकटवतात, एवढाच काय तो फरक. (बुरुडाला गंमत वाटेल, पण साहेबाला त्यासाठी बरीच खटपट करावी लागली. १९व्या शतकाच्या मध्यावर पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपने चिरलेल्या बांबूच्या काठ्या बनवल्या. पुढे १८७०च्या दशकात हायरम लेनर्डने सहा कामट्यांचा घाट रूढ केला. त्याच सुमारास, १८७२ साली, इंग्लंडातल्या ॲनिक गावात हार्डी बंधूंचं दुकान सुरू झालं.)

रॉड कोणता, हे कळल्याशिवाय हात लावू नका

ओळख पटवायची ती फुशारकीसाठी नाही. एका काठीला जे औषध तेच दुसरीला विष, म्हणून. सगळं अवलंबून आहे ते आतल्या गोंदावर.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बहुतेक काठ्या सरसाने चिकटवलेल्या. तोच तो, सुताराकडे डब्यात उकळत असलेला, जनावराच्या कातड्याचा सरस. तो पाण्याने सुटतो, उष्णतेने मऊ पडतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली अशी काठी संध्याकाळी उकललेली सापडू शकते. सरसावर त्या काळच्या कारागिरांचाही पुरता भरवसा नव्हता. म्हणून जुन्या काठ्यांवर इंच-दीड इंचावर रेशमाच्या बारीक गुंडाळ्या दिसतात. दोरी ओवायच्या कड्यांच्या जागा सोडूनही बांधण्या दाट असतील, तर काठी १९२०च्या आसपासची किंवा आधीची असावी, असा माझा पहिला अंदाज असतो.

महायुद्धाच्या सुमारास कृत्रिम गोंद आले. त्यातला रेसॉर्सिनॉल सांध्यात जांभळट-तपकिरी रेघ सोडतो. भिंग घेऊन बघा. रेघ दिसली तर निम्मी चिंता मिटली. आणि काही काठ्या तर राळ मुरवलेल्या. अमेरिकेत ऑर्विस कंपनीने महायुद्धानंतर हे तंत्र आणलं, स्कॉटलंडात ॲबर्डीनच्या शार्पनेही अशा काठ्या काढल्या. त्यांना वॉर्निश लागतच नाही. रंग गडद, पृष्ठभाग मंद, वॉर्निशचा काचेसारखा थर नाही, हे दिसलं तर डबा बंद करून ठेवा.

बांबू कुठला, हेही वय सांगतं. सुरुवातीच्या काठ्या आपल्याच बांबूच्या. कलकत्ता बंदरातून जायचा म्हणून त्याला तिकडे कलकत्ता केन म्हणायचे. कांड्यांवर आगीने डागल्याचे तपकिरी-काळे चट्टे ही त्याची खूण. पुष्कळजण ते खराबी समजून घासून काढतात! विसाव्या शतकात त्याची जागा टोंकिन बांबूने घेतली. नावावरून तो व्हिएतनामचा वाटतो, पण येतो चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून. १९५०नंतर अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, त्याच दशकात फायबरग्लासच्या काठ्या स्वस्त झाल्या, आणि हा धंदा जवळजवळ बसला. तुमच्या माळ्यावरची काठी म्हणूनच बहुधा १९६०च्या आधीची.

नावाचं मात्र जपून. माझ्याकडे एका मित्राने आणलेला तीन तुकड्यांचा रॉड होता, आजोबा पाटबंधारे खात्यात होते, त्यांचा. बुडाच्या टोपीवर कोरलं होतं आर्मी अँड नेव्ही. मित्राचा समज, ही काठी लष्कराची! मुंबईत काळा घोड्याजवळ त्या नावाची इमारत अजून उभी आहे. साहेबलोकांसाठी सगळा माल ठेवणारं ते मोठं दुकान होतं, मुंबईत १८९१ साली उघडलेलं. अशी दुकानं काठ्या कारखान्यांकडून, बरेचदा रेडिचसारख्या गावांतून, घाऊक बनवून घेत आणि आपलं नाव कोरत. तेव्हा कोरलेलं नाव विकणाऱ्याचं असू शकतं. बनवणारा कोण हे कळतं ते टोपीच्या घाटावरून, रीळ बसवायच्या जागेवरून, कड्यांवरून. हार्डीच्या काठ्यांवर पॅलाकोना हा छाप असतो, तो त्यांचा स्वतःचा.

टोपी जर्मन सिल्व्हरची की मुलामा दिलेल्या पितळेची, हे झिजलेल्या कडेवर कळतं. आतून पिवळं डोकावलं तर पितळ, म्हणजे काठी स्वस्तातली. बुडाच्या आणि शेंड्याच्या कडीत लालसर-करड्या दगडाचं कडं असेल तर तो अकीक. चांगल्या काठीची खूण, आणि टिचलेला असेल तर दोरी दर खेपेला कापणारा.

किंमत, थोडक्यात

फूटपट्टी घ्या. सगळे तुकडे एकाच लांबीचे हवेत. शेंडा दोन-तीन इंच कमी भरला तर कधीतरी दारात चिमटून तुटला आणि टोकाची कडी खाली सरकवून बसवली गेली. संग्राहकाच्या लेखी ती काठी अर्ध्या किमतीची. चांगल्या काठीबरोबर दोन शेंडे मिळत; दोन्ही असणं, दोन्ही पूर्ण लांबीचे असणं, मूळ पिशवी आणि नळी असणं, याला पैसे आहेत. नवंकोरं चकाकणारं वॉर्निश मात्र किंमत वाढवत नाही, उलट पाडतं.

पेन किंवा लेनर्ड यांसारख्या नामांकित कारागिरांच्या नावाला हजारो डॉलर मिळतात, हे खरं. पण अमेरिकेत गॅरेज सेलमध्ये काठी मिळाली म्हणून जे भाचे-पुतणे फोटो पाठवतात, त्यांत मला बहुतेक हॉरॉक्स-इबॉट्सन, माँटेग, साउथ बेंड दिसतात. लाखांनी बनलेल्या, शंभर डॉलरच्या आतबाहेर विकल्या जाणाऱ्या काठ्या. आणि लाकडी चपट्या पेटीत चार-पाच तुकडे, छोटं रीळ, गळाला लावायची खोटी माशी वगैरे मांडून ठेवलेला संच आला, तर तो युद्धानंतर जपानने पर्यटकांसाठी काढलेला भेटवस्तूंचा माल. भिंतीवर शोभतो. अंदाज बांधताना लोक मागतात ती किंमत बघू नका, विकला गेला तो आकडा बघा.

नाव मोठं निघालं तर इथेच थांबा. पुढचं सगळं साध्या काठ्यांसाठी आणि आपल्या आजोबांच्या काठीसाठी, जिची किंमत बाजारात ठरत नाही.

अडकलेला जोड सोडवणं

पिळू नका. काठी षटकोनी आहे. पिळलीत की जोर सांध्यांवर जातो, आणि ‘कट्’ आवाज आला की तो धातूचा नसतो. पक्कड तर घरात असली तरी त्या दिवशी लपवून ठेवा.

आधी काठी पंख्याखाली आठवडाभर टांगून ठेवा. मग जोडाच्या कडेवर गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा एकच थेंब, टोकदार काडीने. रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी नराच्या बाजूला बर्फाची पिशवी पाचेक मिनिटं, बांबू ओला होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिक. मग मादीभोवती मूठ धरून हाताची ऊब द्या आणि ओढा. सरळ रेषेत. एकट्याने जमत नसेल तर दोघं समोरासमोर उभे राहा. दोघांनीही आपला एक हात जोडाच्या या बाजूला, एक त्या बाजूला धरायचा आणि एकदम ओढायचं. प्रत्येकाचे दोन्ही हात दोन्ही तुकड्यांवर असल्यामुळे ओढ वाकडी जात नाही. एकट्याची युक्ती म्हणजे गुडघे वाकवून काठी गुडघ्यांमागून घ्यायची, हात गुडघ्यांच्या बाहेर, आणि गुडघे फाकवत जायचं. दिसायला विचित्र, त्यामुळे दार लावून घेतलेलं बरं.

सुटल्यावर आत स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवा. काळा निघेल, निघेपर्यंत फिरवा. नरावरचा करडा थर अगदी बारीक पोलादी लोकरीने दोन-चार हात, बस्स. पॉलिश पेपरने घासलेला नर पुढच्या वर्षी सैल पडतो. तेल किंवा ग्रीस लावून ठेवू नका; धूळ धरतं, आणि सुकून तेच चिकटतं. जुने लोक नर नाकाच्या बाजूला फिरवून बसवायचे. तेवढा तेलकटपणा पुरतो.

सैल टोपी पुन्हा बसवणं

टोपीच्या अंगावर भिंगातून एक बारीक ठिपका दिसेल, मिलिमीटरभर. ती खीळ. ती न काढता टोपी ओढणारे बांबू चिरून बसतात. सुईच्या बोथट टोकावर हलकी टपटप करून ती दुसरीकडून बाहेर काढा.

मग शेजारच्या बांबूला ओली चिंधी गुंडाळा. सरसाची काठी असेल तर ही चिंधी म्हणजे तिचा जीव. टोपी केसांच्या ड्रायरने किंवा स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर दुरून, फिरवत फिरवत गरम करा. जुनी लाखेसारखी राळ मऊ झाली की कडेला तपकिरी मणी फुटतो. तो दिसला की कापडाने धरून सरळ ओढा. मला अजूनही तो मणी दिसेपर्यंत श्वास रोखून धरावासा वाटतो.

आतल्या बांबूचं टोक काळं पडलं असेल तर ओलावा तिथूनच चढत होता. नखाने दाबून बघा. भुसभुशीत लागलं तर तेवढा भाग कापावा लागतो आणि काठी तेवढी आखूड होते, तेव्हा घाई नको. टणक असेल तर आठ-पंधरा दिवस कोरड्या खोलीत वाळू द्या. ही पायरी सगळे गाळतात, आणि दुखणं परत येतं ते इथूनच. दमट बांबूवर बसवलेली टोपी फेब्रुवारीत सैल होणारच. पूर्ण वाळल्यावर टोपी हाताने सरकती बसली, तर बांबूवर रेशमाच्या धाग्याचा एक विरळ थर गुंडाळून माप भरून काढा. हा धागा मी पटवेकऱ्याकडून आणतो; गोंडे करणाऱ्यांकडे हवी ती जाडी आणि सगळे रंग मिळतात.

चिकटवायला मी गरम करून सुटणारी राळ वापरतो. चोवीस तासांची इपॉक्सी जास्त पक्की धरते, पण पुढच्या माणसाला सोडवताना काठी जाळावी लागेल. याबाबत जाणकारांत वाद आहे. मासे ओढायचे असतील तर इपॉक्सीवाल्यांचं म्हणणं चूक नाही. कडेला बांबू आणि धातू भेटतात तिथे गुंडाळी वर चढवून वॉर्निशचे दोन बारीक थर द्या. पाणी आत शिरायची खिडकी ती आहे, बाकी काठीचं वॉर्निश नंतर.

उकललेला सांधा छोटा असेल तर पट्टी न उचकता, त्याच फटीत पातळ गोंद मुरू द्यावा, आणि सुती दोऱ्याने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून गुंडाळावं. एकाच बाजूने गुंडाळलं तर काठी पिळलेलीच सुकते. मग खाली वजन लावून टांगा.

वाकलेला शेंडा ज्योतीवर सरळ होतो, हे व्हिडिओत दाखवतात ते खोटं नाही. पण ते कृत्रिम गोंदाच्या काठीसाठी. सरसाच्या काठीत बांबू वळायच्या आधी सांधे सुटतात. तिला थोडा वाक राहू दे. गळाला काय फरक पडतो?

आणि आता वॉर्निश

सुताराकडे दिलीत तर तो पहिलं काम करील ते पॉलिश पेपरने घासायचं. बांबूची सगळी ताकद सालीखालच्या दाट तंतूंत असते. तो थर कागदाइतका पातळ झाला की काठी मऊ पडते आणि ती परत येत नाही. रंग काढायचं रसायनही नको, ते सांध्यात उतरतं. मी सुरीच्या पाठीने, सपाट धरून, एकेक बाजू खरवडतो. सहा बाजू, तीन तुकडे, दोन शेंडे. एका रविवारचं काम नाही.

चिकटपणा आला तो बहुधा जाड थरामुळे किंवा पावसाळी हवेत लावल्यामुळे. बोटीला लावतात तसलं वॉर्निश, पातळ करून, तीन बारीक थर, डिसेंबर-जानेवारीत. आधी एका गुंडाळीवर करून बघा. रेशमावर थेट वॉर्निश गेलं की रंग उडून ते काचेसारखं पारदर्शक होतं, आणि लाल बांधणीच्या जागी तपकिरी दिसायला लागतं. रंग टिकवायचा असेल तर आधी रेशमाला रंगरक्षक लॅकर.

मित्राची काठी या सगळ्यातून गेली. गेल्या जूनमध्ये आम्ही ती नळीत घातली नाही. पिशवीत घालून, पिशवीच्या बंदाने, कपाटाबाहेर आतल्या भिंतीवर टांगली. बाहेरची भिंत पाझरते म्हणून आतली. कोपऱ्यात टेकवली असती तर स्वतःच्या भारानेच बाक आला असता. ऑगस्टमध्ये पिशवीवर बुरशी दिसली, ती बदलली. नोव्हेंबरात जोडावर बोट ठेवून मी शेंडा हलवला, मित्र शेजारी उभा. काही लागलं नाही. मग त्याने विचारलं, आता वळवणच्या धरणावर खडस (महसीर मासा) गरवायला जाऊ या का. म्हटलं, परवानगीचं बघ, आणि आजोबांच्या काठीला आधी दोनशे ग्रॅमचा तिलापिया लावून बघू.